कुंदाबाईची रोवणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याच्याशी शाळेपासून सगळं बोलतो त्या मित्रालाही नाही. एकदा एका लग्नात, जेवणं झाल्यावर, अगदी ओठांवर आलं होतं — तेवढ्यात कुणीतरी पानाचं तबक पुढं केलं आणि मी पान खाल्लं. माझं धैर्य एवढंच. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला बसलो आहे. यातही भित्रेपणाच आहे, ते मला कळतं.

चंद्रपुरात माझे इंग्रजीचे वर्ग चालतात. बरे चालतात. बाहेरच्या पाटीवर माझं नाव आहे आणि नावाखाली लिहिलं आहे — ‘रोवणी पद्धतीने इंग्रजी शब्दसंग्रह’. दर जूनमध्ये पहिल्या दिवशी मी नव्या मुलांना एक गोष्ट सांगतो. सिंदेवाहीत सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, त्या दुकानदाराच्या मुलाला एक जाड इंग्रजी कादंबरी मिळाली, शिकवायला कुणी नव्हतं, मग त्यानं स्वतःच्या डोक्यानं एक रीत शोधून काढली — वगैरे. मुलं टाळ्या वाजवतात. काहींच्या आयांचे डोळे भरून येतात. गोष्टीतलं सायकलचं दुकान खरं आहे. कादंबरीही खरी आहे. मधलं जे आहे — तेच तर सांगायचं आहे. बघा, अजून मी टाळतोच आहे.

कुंदाबाईपासून सुरुवात करतो.

कुंदाबाई आमच्या घरामागं राहायची, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. नवरा साप चावून गेला आणि ती वर्षाची पोर कडेवर घेऊन बापाकडं परत आली. बाप, म्हणजे सुकरूभाऊ, गावच्या तलावात मासे धरायचे. कुंदाबाई धानाच्या संशोधन केंद्रात रोजंदारीवर जायची. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटायचे, वाफ्यांत लावायचे, कापणीला प्रत्येक वाणाच्या पेंढ्या वेगळ्या बांधायच्या, असं काम. बाकी वेळात तिनं बाहेरून बी.ए. पूर्ण केलं होतं. मीही बी.ए. झालो होतो, कॉलेजात रोज जाऊन, इंग्रजीत काठावर.

नव्वदच्या दशकाची ती अखेरची वर्षं. केंद्रातले कुणी साहेब बदलून गेले, जाताना रद्दीचा गठ्ठा टाकून गेले. तो बाहेर नेऊन टाकायचं काम कुंदाबाईकडं आलं. त्यात ती कादंबरी होती. कव्हर नाही, सुरुवातीची आठ-दहा पानं नाहीत. तिचं नाव काय, लिहिली कुणी, मला आजही माहीत नाही. समुद्रकाठच्या गावात एक विधवा खानावळ चालवते आणि अख्ख्या गावाशी भांडत राहते, अशी काहीतरी कथा होती. कुंदाबाईला ती बाई फार आवडली होती. “माह्यासारखीच हाय रे ते,” म्हणायची. पहिल्यांदा ते पुस्तक तिच्या हातात पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. चिखलात राबणारी बाई आणि इंग्रजी कादंबरी! हेही सांगून टाकतो, कारण ते हसू आठवलं की आता मलाच माझं तोंड पाहवत नाही.

तिची रीत अशी होती. धानाच्या वाफ्यांत प्रत्येक वाणाच्या काठीला एक जाड लेबल बांधतात. पाण्यात-चिखलात टिकणारं, वर भोक पाडलेलं. त्यावर पेन्सिलनं लिहितात, शाई पाण्यानं पसरते म्हणून. छपाईत बिघडलेली लेबलं तिला फुकट मिळायची. कादंबरीत अडलेला प्रत्येक शब्द ती एका लेबलावर लिहायची. शब्द, पान नंबर, आणि तो ज्या वाक्यात आला ते अख्खं वाक्य. अर्थ लगेच बघायचा नाही. चार दिवस त्या वाक्यातूनच अंदाज घ्यायचा. मग तिच्या त्या फाटक्या डिक्शनरीत पडताळायचा. आणि आठ दिवसांनी लेबलाच्या मागं त्याच शब्दाचं स्वतःचं वाक्य लिहायचं — त्यात समुद्र नको, खानावळ नको, सिंदेवाही पाहिजे.

तुमच्याकडं भाताची लावणी म्हणत असतील. आमच्याकडं धानाची रोवणी. “पऱ्हा वाफ्यातच ठेवला तं पिवळा पडते, दिनू,” ती मला म्हणाली होती. “उपटून दुसऱ्या चिखलात लावला का मंग पकडते. शब्दाचंही तसंच हाय.”

‘ऑब्स्टिनेट’ हा शब्द मी बी.ए.ला पाठ केला होता आणि विसरलोही होतो. तिच्या लेबलामागं होतं — आमची शेळी ऑब्स्टिनेट आहे, तिला ओढलं की ती बसते. ‘इनएव्हिटेबल’च्या मागं होतं की पाऊस कमी झाला तर वैशाखात आमचा मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव, आटणं इनएव्हिटेबल आहे आणि मग बाबा दुसऱ्याच्या वावरात जातात. एकदा ते वाक्य वाचल्यावर शब्द विसरायची सोयच राहत नाही. रोवणी करणारी बाई मागं मागं सरकते, लावलेलं सगळं तिच्या डोळ्यांसमोर राहतं. तशी कुंदाबाई रोज नवं पान सुरू करण्याआधी मागच्या ओळी बघायची. एका प्रकरणाची लेबलं एका सुतळीत ओवलेली, त्या सुतळ्या पुस्तकाला गुंडाळलेल्या. चारशेच्या वर लेबलं झाली होती.

आणि मी? मी वर्षभर संध्याकाळी तिच्या पडवीत बसून हे सगळं आयतं घेतलं. मी तिथं शिकायला येतो हे कुणाला कळू नये म्हणून मागच्या दारानं जायचो. तिला ते दिसत होतं. तरी ती चहा ठेवायची.

त्या वर्षी गावात इंग्रजी शाळा निघाली. लोक तिला कॉन्व्हेंटच म्हणत. लहान वर्गांना इंग्रजी शिकवायला एक जागा भरायची होती. कुंदाबाईनं ऐकलं आणि तिचा चेहराच बदलला. नोकरी मिळाली तर चिखलातली रोजंदारी सुटणार होती. आणि दुसरं म्हणजे, शिक्षकांच्या लेकरांना त्या शाळेत फी नव्हती. रजनी, तिची पोर, तेव्हा चार वर्षांची होती. “रजनीले तिथीच घालतो,” म्हणायची. दिवसातून दहादा म्हणायची. तिचं सगळं त्या एका जागेवर होतं. मला नोकरी लागली नसती तर बाबांचं दुकान होतं. तिला काय होतं?

ती शाळेत फॉर्म आणायला गेली आणि दोन फॉर्म घेऊन आली.

“एक तुह्यासाठी,” म्हणाली. “जागा एकच हाय. तुले भेटो का मले भेटो, पुस्तक तं दोघायचंच हाय.”

तिनं माझं काय घोडं मारलं होतं, सांगा बरं?

मुलाखतीआधी पंधरा दिवस मी ते पुस्तक लेबलांसकट मागून नेलं. दोन दिवसांसाठी. खरं सांगतो, नेताना परत द्यायचंच मनात होतं — असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरंच होतं का? दुपारी दुकान बंद असताना मी तिची लेबलं माझ्या अक्षरात पांढऱ्या कार्डांवर उतरवायला लागलो. नुसती अभ्यासाला म्हणून. दीडशेव्या कार्डाजवळ कुठंतरी माझ्या लक्षात आलं, की ही बाई चारशे लेबलं सुतळीत ओवून मुलाखतीला जाऊन बसली तर माझ्याकडं कुणी ढुंकूनही पाहणार नाही. त्यानंतर मी भराभर लिहीत गेलो. हाताला रग लागली तरी थांबलो नाही.

मग महाशिवरात्र आली. मित्रांबरोबर मी मार्कंड्याच्या यात्रेला गेलो, आणि परत येऊन कुंदाबाईला सांगितलं की वाचायला म्हणून पुस्तक सोबत नेलं होतं, वैनगंगेत डोंग्यातून उतरताना पाय घसरला, पिशवी पाण्यात गेली. पुस्तक तेव्हा आमच्या घरी धान साठवायच्या ढोलीत होतं. वर दोन पायल्या धान ओतून मी ते झाकलं होतं.

ती उंबऱ्यात बसली. मग तिनं पहिला प्रश्न विचारला तो हा —

“तू तं नाई ना पडला पाण्यात?”

मी नाही म्हणालो. “जाऊ दे मंग,” ती म्हणाली. “डोक्यात हाय ना सगळं.”

इथं संपलं असतं तर मी स्वतःला चोर म्हणून गप्प बसलो असतो. पण सुकरूभाऊ आत जाळं विणत होते. त्यांनी ऐकलं. बाहेर येऊन मला विचारायला लागले — डोंगा कोणत्या काठाला लागला होता, पाणी कमरेएवढं होतं का गुडघ्याएवढं, धार कुठून होती. मी सुचेल ते सांगत गेलो. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांना पुस्तकाची आशा नव्हतीच, लेबलांची होती. “पुस्तक तं गेलं,” ते म्हणाले, “पण ते लेबलं चिखलातलेच हायेत, पेन्सिलीचे हायेत, ते विरघळत नाईत. सुतळीत ओवले हायेत म्हणजे कुठीतरी दगडाले अडकले असतीन.” त्या घाटाकडं त्यांचे सोयरे होते, नदीत जाळी टाकणारे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मूल आणि चामोर्शी या गावांवरून म्हातारा मार्कंड्याला गेला.

मला अडवता आलं असतं. मी स्टँडवर त्यांची पिशवी उचलून दिली.

दोन दिवस सुकरूभाऊ आणि त्यांचे तीन सोयरे, अशा चार माणसांनी नदीत जाळं ओढलं. मी सांगितलेल्या जागी. जी जागा मी बोलता बोलता बनवली होती तिथं. त्यातले दोघं आपलं काम सोडून आले होते. तिसऱ्या दिवशी सुकरूभाऊ परत आले, पायांची कातडी पाण्यानं पांढरी पडलेली. आधी आमच्याच घरी आले. माझ्या हातात ओल्या फडक्यात बांधलेले दोन रोहू दिले. “पुस्तक नाई भेटलं, पोरा,” म्हणाले, “हे भेटले.” पुस्तक हरवून मला वाईट वाटत असेल म्हणून म्हाताऱ्यानं मला मासे आणले होते! आईनं त्याचं झणझणीत कालवण केलं. मी पोटभर जेवलो, काटाही लागला नाही.

थांबा. अजून ते सांगितलंच नाही. इथवरचं सांगायला जमतं, कारण इथवर मी लपून केलं.

मुलाखतीला सात-आठ जण होतो. माझा नंबर कुंदाबाईच्या आधी होता. आत मुख्याध्यापिका होत्या, नागपूरकडच्या, कडक पण चांगल्या. लहान मुलांना अवघड शब्द कसे शिकवाल, असं त्यांनी विचारलं. मी रोवणी सांगितली. पऱ्हे, चिखल, मागं सरकणं, सगळं — जणू मीच वाकून वाकून कंबर मोडली होती. आणि पिशवीतून कार्डांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. त्या खूश झाल्या. कार्डं इथंच राहू द्या, म्हणाल्या. मी बाहेर येऊन बाकावर बसलो. कुंदाबाई आत गेली. तिनं ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती, आणि जाताना माझ्याकडं पाहून डोळ्यांनीच विचारलं, कसं झालं?

दहा मिनिटांनी शिपायानं मला पुन्हा आत बोलावलं.

कुंदाबाई खुर्चीत बसली होती. समोर टेबलावर माझी कार्डं उघडी पडली होती. तिनंही तीच रीत सांगितली असणार, दुसरं काय सांगणार? बाईंना वाटलं असणार की बाहेर बसून तिनं माझ्याकडून ऐकलं. “या म्हणतात की ही पद्धत यांची आहे,” मुख्याध्यापिका मला म्हणाल्या. “यांच्याकडं दाखवायला काही नाही. कागद नदीत गेले म्हणतात. तुम्ही यांना ओळखता?”

सगळ्यात वरच्या कार्डावर शेळी होती. आमची शेळी ऑब्स्टिनेट आहे, तिला ओढलं की ती बसते. आमच्या घरी शेळी नव्हती. कुंदाबाई ते कार्ड वाचत होती. वाचून झाल्यावर तिनं माझ्याकडं पाहिलं. पुस्तक नदीत पडलेलं नाही, बापानं दोन दिवस उगाच जाळं ओढलं, हे सगळं तिला त्या क्षणी कळलं. मला ते दिसलं. आणि ते दिसत असताना, तिच्या तोंडावर, मी म्हणालो —

“हो मॅडम, शेजारी आहेत. मीच शिकवलं त्यांना.”

हे ते. हेच एवढी वर्षं गिळून बसलो होतो.

पुस्तक लपवलं ते लोभानं. नदीचं खोटं बोललो ते पकडलं जायच्या भीतीनं. पण हे वाक्य? एवढंही म्हणता आलं असतं, की आम्ही दोघं मिळून शिकलो. तेही खोटंच झालं असतं, पण निम्मं तरी तिच्या वाट्याला गेलं असतं. मी निम्मंही ठेवलं नाही. बावीस वर्षांचा होतो, असं म्हणायची सोय आहे. बावीस वर्षांच्या माणसाला सगळं कळतं.

ती भांडली नाही. त्या कादंबरीतली बाई भांडली असती. कुंदाबाई उठली, “येतो मॅडम,” म्हणाली आणि गेली. माझ्याजवळून बाहेर जाताना तिच्या साडीचा पदर माझ्या हाताला लागला, आणि मी हात मागं घेतला.

नोकरी मला लागली. रजनी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. कुंदाबाई केंद्रात रोजंदारीवरच राहिली, आणि पुढं मला रस्त्यात पाहिलं की नुसती मान हलवायची. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. बापालाही नाही. हे मला कसं कळलं? वर्षभरानं सुकरूभाऊ दुकानात सायकलचं पंक्चर काढायला आले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “पुस्तकाचं मनाले लावून घेऊ नको रे.” ते आता नाहीत. गावात मात्र सगळीकडं झालं, की दिनू सरनं मागच्या घरच्या बाईलाही इंग्रजी शिकवलं, मोठ्या मनाचा माणूस. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला तर पुढं पुढं खवखवायचंही बंद झालं. तीन वर्षांनी मी चंद्रपूरला आलो, वर्ग काढला, पाटी लावली. ते पुस्तक माझ्या कपाटात आहे. परत दिलं नाही, जाळलंही नाही.

मग दहा-बारा वर्षांनी, एका जूनमध्ये, प्रवेशाच्या दिवसांत कुंदाबाई माझ्या ऑफिसात आली. केस पांढरे झालेले, बोटं जाड झालेली. सोबत रजनी होती, बारावी पास, चांगल्या मार्कांनी, आईसारख्याच डोळ्यांची. मी उभा राहिलो. कुंदाबाई म्हणाली, “बसा सर.” सर. जी मला अरे दिनू म्हणायची. “पोरीले घ्या तुमच्या वर्गात,” म्हणाली. “मले येत होतं तेवढं मी घरी शिकवलं. आता पुढचं माह्याकडून होत नाई.”

मी फॉर्म पुढं केला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मुलीला विचारलं, कुठवर झालं आहे इंग्रजी? ती छान, नीट बोलली. बोलता बोलता मध्येच थांबली आणि म्हणाली, “सर, एक विचारू? गावात सगळे सांगतात का आईले इंग्रजी तुम्ही शिकवलं. आईले विचारलं तं ते काहीच सांगत नाई. खरं हाय का?”

खोलीत आम्ही तिघंच होतो. दार लोटलेलं होतं. टाळ्या वाजवणारं कुणी नव्हतं, नोकरी जायची भीती नव्हती, समोर मुख्याध्यापिका नव्हत्या. एक शब्द पुरला असता. तिच्या पोरीला तिच्या आईचं तेवढं तरी मिळालं असतं. कुंदाबाईनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती फॉर्मवरच्या रकान्यांवरून बोट फिरवत होती, हळूहळू, वाचत असल्यासारखी.

“हो,” मी म्हणालो. “मीच शिकवलं.”

रजनी आईकडं वळून हसली, म्हणजे बघ, असं. कुंदाबाईनं मान हलवली. मग फॉर्म घडी घालून पिशवीत ठेवला, उठली, आणि पोरीला म्हणाली, “चाल, सरायले काम असते.” दाराशी जाऊन तिनं मला हात जोडले. पोरीनं वाकून माझ्या पायांना हात लावला.

मी पाय मागं घेतले नाहीत.